ऑफिसचा पीसी रोज तारीख विसरायचा, फॉरमॅट न मारता सुटलं

लालबागच्या आमच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप, सकाळी चालू केला की तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षात आणि मग एकही साइट उघडेना, कारण तारीख चुकली की ब्राउझर सर्टिफिकेट एरर देतो. सगळे म्हणाले फॉरमॅट मारा. अजिबात गरज नव्हती! पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) ३ व्होल्टचा सीआर२०३२ बटण सेल संपलेला. प्लग काढला, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे उरलासुरला करंट जातो, सेल बदलला, बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख टाकून सेव्ह केलं, झालं. उघडलाच होता म्हणून रॅमच्या सोनेरी पट्ट्यापण खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, आपल्या दमट हवेत त्या खराब होतात आणि मग डिस्प्लेच येत नाही. आणि आतली धूळ उडवायला ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा प्लीज, नाहीतर हवेच्या जोराने पंखा गरागरा फिरून खराब होऊ शकतो.