परदेशातून शिकवण्याचे व्हिडिओ मागवताय? आधी या चुका टाळा

मी एका नर्सिंग कॉलेजची लायब्ररी सांभाळते आणि बाहेरून डीव्हीडी, पेन ड्राइव्ह मागवायचं काम माझ्याकडेच असतं. "अहो शैक्षणिक आहे ना, मग कस्टम्स कशाला मध्ये येतंय?" हा प्रश्न प्राचार्यांपासून अकाउंटंटपर्यंत सगळे विचारतात, आणि खरं तर सगळी गडबड तिथेच सुरू होते.

शैक्षणिक असणं म्हणजे सगळ्यातून सुटका असं नाहीये. ड्युटी, कॉपीराइट आणि सेन्सॉरचं सर्टिफिकेट ही तीन वेगळी कामं आहेत, तिघांचे कायदे वेगळे, एकातली सवलत दुसऱ्यात चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, कॉलेजच्या कामाचा भाग म्हणून फिल्म दाखवली आणि बघणारे फक्त स्टाफ, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कॉलेजच्या कामाशी संबंधित लोक असतील तर चालतं. पण हे वाचून लोक कस्टम्सला तेच कलम दाखवतात, तिथे त्याचा काही उपयोग नाही हो. कस्टम्स बघतं वस्तू काय आहे आणि किंमत किती. डिस्क आणि पेन ड्राइव्ह, भरलेले असोत की कोरे, टॅरिफमध्ये (ड्युटीच्या दरांच्या यादीत) ८५२३ नंबरखाली येतात. रेट बदलत असतात म्हणून ऑर्डरच्या आधी सीएचएला (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटला) त्या दिवशीचा रेट विचारा, मागच्या वर्षीचा हिशोब धरू नका.

किमतीवरून आमचं पार्सल अडकलं होतं ते सांगते. विक्रेत्याने डिस्कची किंमत अगदी चिल्लर लावली आणि लायसन्स फीचं इनव्हॉइस वेगळं मेलवर पाठवलं, त्याला वाटलं आमची मदत होईल. कस्टम्सची क्वेरी आली, पैसे पाठवल्याचे बँकेचे कागद मागितले आणि मग दोन्ही आकडे समोर आले, मला उत्तर द्यायला तोंड नव्हतं. कस्टम्सच्या २००७ च्या व्हॅल्युएशन (किंमत ठरवायच्या) नियमांत नियम १० आहे, मालाशी संबंधित आणि विक्रीची अट म्हणून द्यावी लागणारी रॉयल्टी किंवा लायसन्स फी मालाच्या किमतीत धरली जाते. इथे कॉप्या काढायच्या हक्काचे पैसे असतील तर त्यांचं गणित वेगळं असतं, म्हणून इनव्हॉइस एकच घ्या पण त्यात ओळी वेगळ्या करून घ्या आणि करारही सोबत ठेवा. आणि विक्रेत्याला 'गिफ्ट' लिहू देऊ नका, प्लीज. डिसेंबर २०१९ पासून ऑनलाइन खरेदी केलेला माल गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता पोस्टाने किंवा कुरिअरने सोडवता येत नाही, राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडून.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, आहे ना, म्हणून निवांत बसू नका. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर अपडेट करायचा असतो, काही बदललं नसेल तरी कन्फर्म करायचा, नाहीतर बंद पडतो आणि ते कळतं माल येऊन पडल्यावर. कार्गोने आलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा फॉर्म) उशिरा भरली तर पहिले ३ दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लागतात, वर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, वेगळं.

आता सेन्सॉर. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा रोख सार्वजनिक प्रदर्शनावर आहे. लायब्ररीत एकट्याने बघणं वेगळं आणि हॉलमध्ये बाहेरच्या लोकांना बोलावून दाखवणं वेगळं, आणि बरेच जण वर्कशॉपला तिकीट लावतात आणि हा फरक विसरतात. तसं दाखवायचं असेल तर बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं. डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा ठरावीक वर्गासाठी 'एस' कॅटेगरी आहे, ऑपरेशनच्या व्हिडिओंना ती डोक्यात ठेवा. परदेशातलं रेटिंग इथे चालत नाही, मग ते कव्हरवर कितीही मोठं छापलेलं असो. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो आणि बाहेरून आणलेल्या फिल्मसाठी इम्पोर्ट आणि कस्टम्सचे कागद मागतात, म्हणून बिल ऑफ एंट्रीची कॉपी जपून ठेवा, आमच्याकडे ती अकाउंट्सच्या कपाटात तीन महिने हरवली होती. एकदा मिळालेलं सर्टिफिकेट २०२३ च्या दुरुस्तीनंतर कायमचं चालतं, आधी दहा वर्षांचं होतं.

भूगोल, इतिहास शिकवणाऱ्यांनो, नकाशा बघा! भारताची सीमा चुकीची दाखवणारे नकाशे आणि साहित्य आणायला बंदी आहे, आणि परदेशी व्हिडिओंत काश्मीर तुटक रेषेत दाखवलेलं सर्रास सापडतं. म्हणून आधी प्रिव्ह्यू लिंक मागा आणि पूर्ण बघा, पहिली पाच मिनिटं बघून पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका.

स्ट्रीमिंग घेतलं तर पार्सलच नाही, त्यामुळे बिल ऑफ एंट्रीही नाही. पण रिव्हर्स चार्जचा (विक्रेत्याऐवजी आपण भरायचा) जीएसटी आणि टीडीएस याचं सीएला पेमेंटच्या आधीच विचारा.

आणि सगळं सोडवून आणलेली डिस्क प्लेअरमध्ये चाललीच नाही असंही झालंय. डीव्हीडीवर कुठल्या देशांत चालेल याचा रीजन कोड असतो, अमेरिकेची डिस्क रीजन १ ची, आपला रीजन ५. ऑर्डरच्या मेलमध्येच लिहा, रीजन ५ किंवा ऑल रीजन, आणि पाल फॉरमॅट (आपल्याकडची टीव्हीची पद्धत).