गेम विकत घेताना रुपयांचा हिशेब चुकतो तो इथे

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट हमखास येऊन पडतो. अमुक देशात गेम केवढ्याला, आपल्याकडे केवढ्याला, आणि खाली लिहिलेलं, ‘आपल्यालाच लुटतात.’ कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा हिशेबच चुकीचा मांडलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डॉलरच्या किमतीला आजच्या दराने गुणायचं आणि येईल तो आकडा ‘खरी किंमत’ मानायचा. नोव्हेंबर २०१५ पर्यंत स्टीम आपल्याकडून डॉलरच घ्यायचं, तेव्हा हा गुणाकार बरोबर होता. रुपयांतल्या किमती सुरू झाल्यापासून रुपयाचा आकडा हा वेगळा निर्णय आहे, आणि तो घेतो गेमचा प्रकाशक. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह फक्त शिफारस करते. त्या शिफारशीत विनिमय दराबरोबर त्या देशातल्या लोकांची ऐपतही धरलेली असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉल्व्हने या शिफारशींचा तक्ता नव्याने काढला, पण तो मानायचा की नाही ही प्रकाशकाची मर्जी. त्यामुळे डॉलरमध्ये सारख्याच किमतीचे दोन गेम रुपयांत वेगवेगळे दिसतात. ओरडायचंच असेल तर योग्य दारात ओरडा: प्रकाशकाकडे.

आणखी एक गोष्ट तुलनेत सुटते. आपल्याला दिसणाऱ्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. अमेरिकेतल्या किमतीत तिथला विक्रीकर नसतो, तो पैसे भरताना राज्याप्रमाणे वर लागतो.

आता जिथे खिसा खरोखर कापला जातो तिथे येऊ. काही दुकानं अजून डॉलरमध्येच पैसे घेतात. मी एकदा असाच एक १५ डॉलरचा गेम घेतला आणि बँकेचा मेसेज बघून दुकानाला शिव्या घातल्या. दुकानाचा दोषच नव्हता. दर ८५ धरा: १,२७५ रुपये. त्यावर माझ्या कार्डाचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते तो जादा आकार), म्हणजे ४४ रुपये ६३ पैसे. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, आठ रुपये. झाले जवळजवळ १,३२८. कार्ड घेताना ‘मार्कअप किती’ हे मी विचारलंच नव्हतं. हा आकडा बँकेच्या शुल्कपत्रकात असतो आणि कार्डागणिक बदलतो.

पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय पुढे आला तर तो आपल्या सोयीसाठी आहे असं समजू नका. तिथला दर मधला व्यवहार करणारा ठरवतो आणि तो सहसा बाजारदरापेक्षा वाईट असतो. व्यवहार परदेशी दुकानाशी असल्यामुळे काही बँका वर शुल्कही घेतात. डॉलरच ठेवा. गेम परत केलात तर पैसे परतीच्या दिवसाच्या दराने येतात आणि मार्कअप बहुधा गेलेलाच असतो, त्यामुळे दोनचारशे रुपयांच्या खरेदीत आधीच दोनदा विचार करा. (स्टीमवर परतीची मुदत खरेदीपासून १४ दिवस आहे, आणि खेळून दोन तासांपेक्षा कमी झालेले हवेत.)

कार्ड सरळ नाकारलं गेलं तर दुकानाला मेल पाठवण्याआधी बँकेचं ॲप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंदच असतात. तेवढं एक बटण चालू केलं की दहातल्या निदान सहा तक्रारी मिटतात, हा माझा ग्रुपवरचा अनुभव.

व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं इंटरनेटवर दाखवणारं साधन) लावून स्वस्त देशात ‘राहायला जाणं’ ही चूक मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिची किंमत दुसऱ्याने मोजली. लिरा आणि पेसो घसरत गेले तशा तुर्कस्तान आणि अर्जेंटिनातल्या किमती डॉलरच्या मानाने कवडीमोल झाल्या आणि जगभरचे लोक तिथले रहिवासी असल्याचं भासवू लागले. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने दोन्ही देशांतली स्थानिक चलनं बंद करून डॉलर लावला. चलनाची अस्थिरता हे कारण होतंच, पण खोट्या पत्त्यांनीही हातभार लावला, असं माझं मत. इस्तंबूलच्या कॉलेजातल्या पोराला पगार-पॉकेटमनी लिरातच मिळतो, हे त्या स्क्रीनशॉटवर दिसत नाही. शिवाय राहण्याची जागा लपवणं हा स्टीमच्या कराराचा भंग आहे. खातं अडकलं तर दहा वर्षांत घेतलेल्या गेमची अख्खी लायब्ररी अडकते.

खरोखरच परदेशी गेलात तर गोष्ट वेगळी. माझा आतेभाऊ एमएससाठी जर्मनीला गेला आणि पहिल्याच आठवड्यात मला विचारू लागला, ‘दादा, तू इकडून घेऊन गिफ्ट कर ना, रुपयांत पडेल.’ पडत नाही. दोन देशांतल्या किमतींत फार फरक असेल तर स्टीम गिफ्ट जाऊच देत नाही. त्याने तिकडचं बँक खातं उघडल्यावर त्याच कार्डाने एक खरेदी करून देश बदलावा, स्टीमच्या वॉलेटमधले (खात्यात आधीच भरून ठेवलेले) रुपये युरोत होतात. पण दिवाळीला महिनाभर घरी येणार म्हणून परत भारत करायला जाऊ नये, कारण देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो.