मेंदू बत्तीसपर्यंत कच्चा? गावात ही शंका निघाली तर काय करायचं

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांचा मेंदूवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बघता बघता तो आमच्या राळेगाव तालुक्यातल्या मोबाइलांवर येऊन पोचला. पोचेपर्यंत त्याचं एकच वाक्य उरलं होतं : "माणूस बत्तीस वर्षांपर्यंत पोरच असतो, शास्त्रज्ञांचा दावा." मी ग्रामीण रुग्णालयाच्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी गावोगाव सभा घेणं हे माझं काम. हे वाक्य सभांमध्ये कुणी ना कुणी माझ्यासमोर ठेवतंच. कुणी हसत, कुणी रागानं.

आशाताई, शिक्षक, अंगणवाडी सेविका, गावातली शिकलेली पोरंपोरी, ज्यांना अशा प्रश्नाला तोंड द्यावं लागतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शंका घेणाऱ्याला गप्प कसं करायचं ते यात सापडणार नाही. गावातली ही शंका मला मोलाची वाटते. ती फक्त नेमक्या जागी नेऊन लावावी लागते.

आधी शंका पूर्ण बाहेर येऊ द्या

एका गावच्या समाजमंदिरात साठीतले एक काका उठून म्हणाले, "ताई, एकविसाव्या वर्षी माहा बाप गेला. सात-बाऱ्यावर नाव लागलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आलं, दोन बहिणीचे लग्न म्या लावून देल्ले. तवा माहा मेंदू कच्चा होता काय?" सगळ्या सभेनं माना डोलावल्या.

अशा वेळी "शास्त्रज्ञ म्हणतात की" असं सुरू केलं तर सभा हातची गेलीच समजा. काकांची गोष्ट खरी आहे आणि तिचं उत्तरही संशोधनातच आहे, पण थोडं थांबा. आणखी कुणाला काय वाटतं ते विचारा. कुणी म्हणेल, मशीनमध्ये डोकं घालून स्वभाव कसा कळतो? कुणी म्हणेल, आधी पंचवीस म्हणत होते, आता बत्तीस, पुढच्या वर्षी पन्नास म्हणतील. कुणी म्हणेल, हे गोऱ्यांच्या पोरांवरचं, आपल्याला काय लागू?

एक शंका मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही, ती तुम्हालाच ओळखावी लागते. मागच्या रांगेत बसलेल्या बारावीच्या मुलीला भीती असते, की आता घरचे म्हणतील, "पंचवीसपर्यंत तुले अक्कलच नाही, तुह्या लग्नाचं आमी पाहून घेऊ." ही भीती अगदी रास्त आहे. मी तर म्हणेन, सगळ्या शंकांत आधी तिचं उत्तर तयार ठेवा.

काय मोजलं, कुणाचं मोजलं

बियाणं कंपनीचा डेमो प्लॉट पाहून कुणी लगेच बॅग उचलत नाही. जमीन काळी होती की बरड, ओलिताची की कोरडवाहू, शेजारी दुसरं वाण होतं का, हे आपण विचारतो. मेंदूच्या बातमीलाही हेच विचारायचं आहे, असं सांगितलं की माणसं सावरून बसतात. मग एकेक घ्या.

"मेंदू पंचविशीत पक्का होतो" या आकड्यापासून सुरुवात करा, कारण तोच सगळ्यांच्या तोंडी बसलाय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले डॉ. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १४५ मुलं आणि तरुणांच्या एमआरआयवरचा अभ्यास मांडला. त्यातल्या बऱ्याच जणांचे स्कॅन काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा घेतले होते. कपाळामागच्या भागातला, मेंदूच्या पेशींचा करडा थर अकरा-बाराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि मग हळूहळू कमी होत जातो, असं त्यात दिसलं. २००४ च्या पुढच्या अभ्यासात तेराच मुलं होती, पण त्यांचे स्कॅन दर दोन वर्षांनी, आठ-दहा वर्षं घेतले होते. हालचाल आणि स्पर्श सांभाळणारे भाग आधी स्थिरावतात, बेत आखणारा आणि आवर घालणारा पुढचा भाग उशिरा, हे त्यातून कळलं. या अभ्यासांत विशीच्या पुढची माणसं जवळपास नव्हतीच. आलेख अजून सपाट झाला नव्हता, पण मोजलेली वयं तिथंच संपत होती. पंचवीस हा पुढं लोकांनी सोयीसाठी धरलेला आकडा आहे. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत काहीही पूर्ण होत नाही.

मग आकडे बदलतात कसे? मोजायची वस्तूच वेगळी असते म्हणून. २०२२ मध्ये जगभरातले १ लाख २३ हजारांवर स्कॅन एकत्र करून मेंदूच्या वाढीचे तक्ते तयार केले गेले. मेंदूभरच्या करड्या थराचं एकूण आकारमान सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, जोडणी करणाऱ्या पांढऱ्या भागाचं एकोणतिसाव्या वर्षाच्या आसपास, असं त्यात आलं. केंब्रिजवाल्यांनी तिसरंच काही मोजलं. मेंदूतलं पाणी तंतूंच्या दिशेनं कसं सरकतं ते पाहून त्यांनी जोडण्यांचं जाळं काढलं. शून्य ते नव्वद वयाच्या सुमारे चार हजार लोकांत या जाळ्याची बदलण्याची दिशा साधारण ९, ३२, ६६ आणि ८३ या वयांना पालटताना दिसली. बत्तीस आला तो इथून. विशीतला माणूस पोरासारखा वागतो असं आमचं म्हणणं नाही, हे संशोधकांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं. आपल्या मोबाइलवर आलेल्या निरोपात तेवढंच गळालं.

इथं एक काम आवर्जून करा. निरोप सगळ्यांसमोर वाचा आणि मोजलेली गोष्ट कोणती, त्यावरून काढलेला अर्थ कोणता, ते वेगवेगळं करून दाखवा. "जाळ्याची दिशा बत्तिशीत बदलते" हे मोजमाप झालं. "म्हणून तिशीच्या आत घर सांभाळता येत नाही" हे कुणीतरी मागाहून चिकटवलेलं. गावातली शंका बहुतेक वेळा या चिकटवलेल्या भागावर असते आणि राग मात्र मोजमापावर निघतो.

जिथं शंका खरी आहे तिथं मान्य करा

"मशीनले काय समजते?" असं विचारणाऱ्याला मी मेलेल्या मासोळीची गोष्ट सांगते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा एमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि त्याच्या मेंदूत एक ठिपका उजळलेला दिसला! हजारो ठिपके एकदम तपासताना योगायोगानं काही उजळतातच. त्यासाठी हिशेबात दुरुस्ती करावी लागते आणि ती कितीतरी अभ्यासांत होत नव्हती, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणजे या विद्येवर सगळ्यात तिखट शंका तिच्याच माणसांनी घेतली. २०२२ मध्ये आणखी एका मोठ्या अभ्यासानं सांगितलं, की मेंदूची रचना आणि माणसाचं वागणं यांचा संबंध भरवशानं जोडायला हजारो लोकांचे स्कॅन लागतात. पंचवीस-तीस जणांवरून काढलेले असले संबंध पुढं टिकत नाहीत. "मशीनमध्ये पाहून तुमच्या पोराचा स्वभाव सांगतो" असं कुणी म्हटलं तर तिथून उठायचं, एवढं सभेला ठामपणे सांगा.

गोऱ्यांच्या पोरांची शंकाही बरोबर आहे. केंब्रिजच्या अभ्यासातले स्कॅन ब्रिटन-अमेरिकेतल्या लोकांचे होते, आणि बहुतेकांचा स्कॅन एकदाच झालेला. एकच माणूस वर्षानुवर्षं पाहणं निराळं आणि वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं एकदा पाहणं निराळं. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकारानं ६ ते २३ वयाच्या सुमारे नऊ हजार मुलामुलींचा अभ्यास उभा राहिला आहे. बेंगळुरू, म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंदीगड, कोलकाता, इंफाळ अशी त्याची केंद्रं. स्कॅन त्यातल्या काहींचेच. महाराष्ट्रातलं एकही केंद्र त्यात नाही, मग कापूस वेचायला जाऊन शाळा शिकणारी आमची मुलगी कुठून असणार? हे मला मनापासून खटकतं आणि मी ते सभेत बोलून दाखवते.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. केंब्रिजच्या बातमीवर अविश्वास दाखवणारी घरंच तालुक्याच्या गावी लागलेल्या "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन"च्या शिबिराला हजारो रुपये भरतात. डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची शाखा ठरवून देणारे, दोघांच्याही दाव्याला शास्त्राचा आधार नाही. डेमो प्लॉटचे प्रश्न तिथंही विचारा. तिथं तर आधी विचारा, कारण तिथं पैसा जातो.

आता काकांचं उत्तर

अकरा देशांतल्या, भारतही त्यात होता, १० ते ३० वयाच्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. निवांत बसून, माहिती घेऊन विचार करण्याची कुवत सोळाच्या आसपास मोठ्यांच्या बरोबरीला येते. मोहाच्या, रागाच्या, दोस्तांच्या गराड्यातल्या क्षणी स्वतःला आवरण्याची ताकद मात्र अठराच्या पुढंही वाढत राहते. काकांनी कर्ज फेडलं ते पहिल्या कुवतीवर. घरची माणसं, सोसायटीचे सचिव, शेजारचे शेतकरी यांना विचारत विचारत, वर्ष-दोन वर्षांच्या हिशेबानं त्यांनी निर्णय घेतले. हे मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हाव, मामाले इचारल्याबिगर एक पोतं नाही इकलं." संशोधन आणि काका एकमेकांच्या विरोधात नव्हतेच.

दुसऱ्या ताकदीसाठी पोरांनाच विचारा. एकटा असताना शंकरपटाहून येताना गाडी किती पळवतो, आणि मागं दोघं बसले असताना किती? पोरं आधी एकमेकांकडे पाहतात, मग हसतात, मग खरं सांगतात. अमेरिकेत २००५ मध्ये ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक खेळ देऊन नेमकं हेच पाहिलं होतं. दोस्त बाजूला असले की १३ ते १६ वयाच्या पोरांनी धोका बराच जास्त घेतला. २४ च्या पुढच्यांवर दोस्तांचा फारसा परिणाम झाला नाही. पोरांनी आपल्या तोंडून सांगितल्यावर हा आकडा सांगा, आधी नको.

सुतळी बांधा

हा प्रयोग मी सगळ्यांना सुचवते. समाजमंदिराच्या दोन खिडक्यांना सुतळी बांधायची, दर वर्षाला एक गाठ, आणि लोकांनी चिठ्ठ्या टाचायच्या. मुलीचं लग्न १८, मुलाचं २१. मतदान १८. ग्रामपंचायतीला उभं राहणं २१. आमदार-खासदार २५, राज्यसभा ३०. बिनगिअरच्या छोट्या गाडीचं लायसन १६. घोर गुन्ह्यात सोळा ते अठरामधल्या मुलाला मोठ्यांप्रमाणे खटल्याला उभं करायचं का, हे बाल न्याय मंडळानं तपासायचं, हा २०१५ चा कायदा. त्याची चिठ्ठी सोळावर.

चिठ्ठ्या लागल्या की विचारा, यातली कोणती गाठ मेंदूचा फोटो पाहून ठरली? मतदानाचं वय १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आलं, त्या वर्षी देशातल्या पोरांचा मेंदू काही बदलला नव्हता. वयाची रेघ समाज ओढतो. विज्ञान त्या चर्चेत साक्ष देऊ शकतं, निकाल देऊ शकत नाही.

आता मागच्या रांगेतल्या मुलीकडे वळा. "पोरीचा मेंदू कच्चा, म्हणून निर्णय आमचा" म्हणणाऱ्याला विचारा, की तुमच्या तेवीस वर्षांच्या मुलाला ट्रॅक्टरची चावी कशी दिली? संशोधन मुलगा-मुलगी दोघांवरही झालंय. आणि ते खरोखर मानायचं असेल तर पंधरा पाहुण्यांसमोर, हातात पोह्यांचा ट्रे असताना, मुलीकडून त्याच दुपारी हो-नाही मागू नका. माणूस दडपणाखाली येतो तो हाच क्षण. तिला वेळ द्या, मुलाशी नीट बोलू द्या, शिकलेल्या मावशीला विचारू द्या. मग तिचा निर्णय तिचाच.

सभा संपल्यावर

सभा कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी ठेवू नका, बाया येत नाहीत. आणि सभा संपली तरी लगेच गाडीला किक मारू नका. चपला घालता घालता एखादी माय मागं रेंगाळते, पोराबद्दल काहीतरी विचारायचं असतं. तो रात्रभर जागतो, जेवत नाही, "माह्याशिवाय तुमचं बरं होईन" असं काही बोलला. तिला करड्या-पांढऱ्या भागाचं काही सांगू नका. पोराला मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायला सांगा. विचारल्यानं ते विचार डोक्यात घातले जात नाहीत. त्याला एकटं सोडू नका म्हणा. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता ते विचारा, आणि आजच ते पेटीत घालून कुलूप लावायला किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला सांगा. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळानं ओसरते, तेवढ्या वेळात हाताशी बाटली नसली तर जीव वाचतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून द्या. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि मायलेकरांना क्लिनिकला कधी यायचं तो वार तिथंच ठरवून घ्या.