मेलेला विठू जमीन गहाण ठेवतो: वंशावळ काढताना या चुका टाळा

महिन्यातून दोनतीन जण तरी मला एखाद्या जुन्या उताऱ्याचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, 'पणजोबा सापडले!' मी विचारतो, कशावरून? उत्तर ठरलेलं असतं: 'नाव जुळतंय की. बापाचं नावही जुळतंय.'

आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत आहे. त्यामुळे विठूचा राणू, राणूचा विठू, पुन्हा विठूचा राणू अशी साखळी दीडशे वर्षं चालते. पेशव्यांच्या घरातही तेच, पण तिथे निदान बापाच्या नावावर भागतं. पहिला बाजीराव कागदात 'बाजीराव बल्लाळ' असतो, दुसरा 'बाजीराव रघुनाथ'. पहिला-दुसरा हे आकडे मागून लावलेले. गावच्या भावकीत मात्र बापाचं नावही पुरत नाही. राणूला दोन मुलगे, विठू आणि म्हादू. दोघांनीही आपल्या थोरल्या पोराचं नाव बापावरून राणू ठेवलं. आता गावात दोन राणू. पुढच्या पिढीत दोघांच्याही घरी एकेक विठू जन्मला, की झाले दोन 'विठू बिन राणू', म्हणजे राणूचा मुलगा विठू. आडनाव एक, गाव एक, वयात चारदोन वर्षांचं अंतर.

हे उदाहरण मी रचलेलं नाही. हे दोन विठू आमच्याच घरातले आहेत आणि सहा वर्षं मी त्यांना एकच माणूस समजत होतो.

दोन माणसांचा एक माणूस करणं

माझ्याकडे तीन कागद होते. एक १९११ चं खरेदीखत, सर्व्हे ४३ पैकी तुकडा विकल्याचं. दुसरा १९१९ चा वारसाचा फेरफार: विठू बिन राणू मयत, वारस बायको भागू कोम विठू (कोम म्हणजे अमक्याची बायको) आणि एक अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मुलगा, अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) आई भागू. तिसरं १९२६ चं गहाणखत, सर्व्हे ४४ चं, लिहून देणार विठू बिन राणू.

म्हणजे आमचा विठू १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत मेला आणि आठ वर्षांनी कचेरीत जाऊन जमीन गहाण ठेवून आला. शहाण्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. तलाठ्याची चूक असेल म्हटलं, नाव भलत्याचं लिहिलं असेल म्हटलं. बायकांची नावं दोन येत होती, भागू आणि सकू, तर त्याची दोन लग्नं लावून मोकळा झालो. वंशावळ छापली, गावच्या यात्रेत तिचा फ्लेक्स लागला. फ्लेक्ससमोर उभी राहून एक म्हातारी चुलती म्हणाली, "अरे बाबा, सकू आजीला कुठली रे सवत?"

घरी आलो आणि तेच तीन कागद पुन्हा काढले. या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत. १९११ च्या खताखाली सही 'दस्तुरखुद्द', म्हणजे स्वतःच्या हातची होती, मोडीत, चांगल्या वळणाची. १९२६ च्या कागदावर निशाणी नांगराची आणि शेजारी डाव्या हाताचा आंगठा. लिहिता येणारा माणूस पंधरा वर्षांत सही विसरला? त्याहून लाजिरवाणी गोष्ट चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे त्या वर्णनात होती. १९११ च्या खतात विकलेल्या तुकड्याच्या दक्षिणेस 'विठू बिन राणू याचे शेत' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते त्याचंच उरलेलं शेत समजलो होतो. पण तसं असतं तर खत लिहिणाऱ्यानं 'लिहून देणार याचे शेत' असं लिहिलं असतं. दोन्ही विठू एकाच कागदावर बांधाला बांध लावून उभे होते आणि मी सहा वर्षं तो कागद जवळ बाळगून होतो.

कोण कुठल्या शाखेचा, हे भावावरून कळलं. गहाणखतावर संमती म्हणून थोरला भाऊ म्हादू बिन राणू याची निशाणी आहे. थोरल्याचं नाव म्हादू म्हणजे आजा म्हादू. दुसरा विठू स्वतःच थोरला आणि त्याला आज्याचंच नाव. ज्या रिवाजानं घोळ घातला त्यानंच तो सोडवला.

तेव्हापासून मी नावाची फाईल करत नाही. सर्व्हे नंबराची करतो. एकेका नंबराला एक पाकीट, त्यावर माणसाचं नाव लिहायचंच नाही. आत जो येईल तो 'सर्व्हे ४४ चा विठू'. बायकोचं नाव, भावाचं नाव आणि जमीन, या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन पाकिटांतले कागद एकत्र करत नाही. याला शास्त्र वगैरे म्हणू नका, ही तोंड पोळल्यावर लागलेली सवय आहे. पण बायकोच्या नावावर माझा सगळ्यात जास्त भरवसा. चुलत भावांची नावं एक असतात, दोघांच्या बायकांची नावं एक असणं फार क्वचित. आणि नेमकं तेच 'कोम'चं नाव लोक वंशावळीतून गाळतात.

एक सावधगिरी. आजचा सातबारा घेऊन मागे जायला निघालात तर गट नंबर आडवा येतो. १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं आणि जुने सर्व्हे नंबर गटात मिसळले. जोडणीसाठी ९(३) ९(४) चा उतारा काढावा लागतो. तो न काढता 'नंबर जुळत नाही' असं सांगणाऱ्यांना मी उत्तर देणं बंद केलंय.

'थोरला', 'वडील', 'तीर्थरूप' यांना भुलणं

कागदात 'थोरला विठू' आणि 'धाकटा विठू' दिसले की नवखे लोक लगेच बाप-लेक करतात. अहो, गावात ही नावं नुसती ओळखायला पडतात. दोन चुलत भावांतला वयानं मोठा तो थोरला. शिवाय थोरला मेला की धाकट्याच्या मागचं 'धाकटा' गळतं आणि तोच नुसता विठू होतो. दाखल्याची तारीख न बघता हे शब्द वापरू नयेत. वतनदार घर असेल तर थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम ही आणखी वेगळी गोष्ट, तिथे वाटणीतली शाखा सांगितलेली असते.

जुन्या कागदातला 'वडील' म्हणजे बाप असेलच असं नाही, वडीलधारा भाऊही असतो. पत्रात काकाही 'तीर्थरूप' असतो आणि पुतण्याही 'चिरंजीव'. या एका शब्दावर पिढीच्या पिढी वाढवलेल्या वंशावळी मी पाहिल्यात.

सन न बदलता लिहिणं

जुन्या कागदांतले सन इसवीत आणायला शकात ७८ मिळवा, फसली या महसुली सनात ५९०, शुहूर या अरबी सनात ५९९; वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत एक जास्त. एका गृहस्थांनी शके १७७३ ला इसवी सन १७७३ समजून माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे ढकलला. आणि गंमत म्हणजे तिथे त्याच नावाचा त्याचा आजा बसलेलाच होता, त्यामुळे सगळं छान जुळलं.

शाळेच्या रजिस्टरातली १ जून

जन्मतारीख जुळली म्हणून माणूस तोच, असं १ जूनच्या बाबतीत तरी म्हणू नका. गुरुजींनी अर्ध्या गावाला तीच तारीख दिलीय.

'मुलगा' एवढ्याच नोंदीवर झडप घालणं

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, घरोघरी माहीत झालं. चांगलं झालं. पण त्यातली जन्माची नोंद पुष्कळदा अशी असते: बापाचं नाव, जात, 'मुलगा'. बाळाचं नावच नाही, बारसं व्हायचं असतं. त्या 'मुलगा'ला आपला आजोबा ठरवायची घाई सगळ्यांनाच असते, कारण प्रकरण दाखल करायची तारीख जवळ आलेली असते. त्याच बुकात पुढची दोनतीन वर्षं चाळा. तेच मूल मेल्याची नोंद सापडू शकते. लागोपाठ मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू असं ठेवत, मृत्यूची नजर पडू नये म्हणून. तुमच्या घरात धोंडू असेल तर त्याच्या आधीची एखादी मृत्यूची नोंद शोधाच. आणि अशा नावांचे दोघे-तिघे प्रत्येक भावकीत असतात, हेही धरून चाला.

घरातलं नाव आणि कागदातलं नाव

ही उलटी चूक: एका माणसाचे दोन करणं. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग सासऱ्याचंच नाव ठेवलेल्या पोराला ती हाक कशी मारणार? तो कागदावर विठू आणि घरात जन्मभर बाळा. म्हातारी माणसं 'बाळा आज्या'च्या गोष्टी सांगतात आणि आपण कागदात बाळा शोधत बसतो. दत्तक गेलेल्याचं तर बापाचंच नाव बदलतं. जमीन जनक घराच्या भावकीत नाही आणि नाव मध्येच नाहीसं झालं, तर मी आधी दत्तकाचा संशय घेतो, मग मृत्यूचा.

टाईप केलेल्यावर विसंबणं

संगणकावर चढवताना विठू, विठोबा, इठू सगळ्यांचे विठ्ठल होतात. 'आपले अभिलेख'वर मूळ पानाचा स्कॅन मिळत असेल तर तोच बघा. मोडी वाचून घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: वाचणाऱ्याला 'फक्त नावं काढून द्या' म्हणू नका. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, एका रेघेखाली सगळं सलग जातं, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि 'बिन' कुठे आलं हे ठरवायलाही पूर्ण वाक्य लागतं. पूर्ण पान, चतुःसीमा, साक्षी, लिहिणाऱ्याचं नाव, सगळं लिहून घ्या. दोनशे रुपये वाचवायला शेवटच्या चार ओळी सोडणारे लोक पुढे दोन वर्षं त्याच चार ओळी शोधत फिरतात.

तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या, वह्यांबद्दल लोक विचारतात. नाशिकला, त्र्यंबकेश्वरी जरूर जा. तिथे भाऊ, मुलं, आजे एकाच नोंदीत मिळतात आणि एकाच नावाचे दोघे सुटे करायला तेवढं फार उपयोगी पडतं. फक्त नक्कल केलेली वही आहे की मूळ, हे नम्रपणे विचारा, आणि आपल्या पूर्वजाची सही दाखवा म्हणा. कोल्हापूर-सांगलीकडे दारात येऊन घराण्याची वंशावळ सांगणाऱ्या हेळव्याचं म्हणणंही मी लिहून घेतो, मात्र पेन्सिलीनं.

गेल्या दिवाळीत सर्व्हे ४४ च्याच पाकिटात एक जुनी पावती निघाली, त्यावर नाव 'विठू बिन म्हादू'. हा कोण ते मला ठाऊक नाही. चुलतीला विचारलं तर ती म्हणाली, आधी फ्लेक्स उतरव.