खोबरेल तेल घेताना या चुका टाळा

थंडी पडली की ठाण्यात एक प्रश्न ठरलेला: "तेल गोठलंय, म्हणजे शुद्धच ना?" मार्च उजाडला की दुसरा: "तेल गोठतच नाही, भेसळ असणार!" खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात घोडबंदरला पहाटे पारा त्याच्या बराच खाली उतरतो, म्हणून बाटली पांढरी होते आणि दुपारी पुन्हा वितळते. मे महिन्यात कळव्याच्या घरात शुद्धातलं शुद्ध तेलही पातळच राहणार. गोठलेल्या बाटलीवरून हवामान कळतं, तेवढंच.

फ्रीजला न्यायाधीश करणं

ही चूक सर्वांत लाडकी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 'डार्ट' या घरगुती भेसळ-परीक्षांच्या पुस्तिकेत ही परीक्षा दिलेली आहे: पारदर्शक ग्लासात तेल घ्या, ३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. खोबरेल गोठतं, दुसरं तेल असेल तर त्याचा वेगळा थर राहतो. परीक्षा बरोबर आहे, पण ती ढोबळ भेसळ पकडते. मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासूनचं खनिज तेल) किंवा सोयाबीन भरपूर घातलं असेल तर वर पातळ थर दिसेल. भेसळ करणारा इतका भोळा क्वचितच असतो.

पाम कर्नल तेल, म्हणजे पामच्या बीचं तेल, खोबरेलासारखंच गोठतं. फ्रीजमध्ये ते छान पांढरं होऊन बसतं. थोडं पामोलिन मिसळलं तरी फ्रीजच्या चार-पाच अंशांत सगळंच घट्ट होतं आणि थर वेगळा दिसत नाही. त्यामुळे 'फ्रीजमध्ये पास झालं' याचा अर्थ 'ढोबळ भेसळ दिसली नाही' एवढाच घ्यावा.

घरच्या घरी त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे जोडीची परीक्षा. ज्या तेलावर भरवसा आहे त्यातलं शंभर मिली एका लहान बाटलीत कायम बाजूला ठेवायचं. नवं तेल आलं की एकाच मापाच्या दोन काचेच्या वाट्यांत दोन्ही तेलं दोन-दोन चमचे घ्यायची, दोन तास फ्रीजमध्ये ठेवायची, मग बाहेर काढून ओट्यावर शेजारीशेजारी ठेवायची. गोठताना बघण्यापेक्षा वितळताना बघा. सोयाबीन किंवा पामोलिन असलेलं तेल आधी मऊ पडतं, बोटाने दाबलं की लोण्यासारखं सरकतं. शुद्ध खोबरेल बराच वेळ घट्ट राहतं. पाम कर्नल मात्र यातूनही निसटू शकतं.

ते सापडलं तर प्रयोगशाळेतच. आयोडीन व्हॅल्यू म्हणजे तेलात असंतृप्त चरबी किती याचं माप. खोबरेलाची ती आपल्या नियमांनुसार ७.५ ते १० असते. पाम कर्नलची १४ ते २१, सोयाबीनची १२०च्या वर. म्हणजे नुसतं पाच टक्के सोयाबीन घातलं तरी आकडा पंधराच्या घरात जातो. बाहेरून काहीही दिसत नाही, पण कागदावर लपत नाही. वर्षाचं तेल एकदम घेणाऱ्या सोसायट्यांनी किंवा पोळी-भाजी केंद्रांनी पहिल्या डब्यातलं पाव लिटर तेल कोरड्या काचेच्या बाटलीत भरून खासगी प्रयोगशाळेत द्यावं आणि तीनच गोष्टी मागाव्यात: आयोडीन व्हॅल्यू, अ‍ॅसिड व्हॅल्यू (तेलातल्या सुट्या आम्लांचं माप) आणि ओलावा. कच्च्या, म्हणजे रिफाइन न केलेल्या तेलाला अ‍ॅसिड व्हॅल्यू ६ पर्यंत नियमात चालते. पण दोनच्या वर गेलेलं तेल पावसाळाभर साठवायला घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

तेलाचा भाव विचारणं, खोबऱ्याचा न विचारणं

एक लिटर खोबरेलाचं वजन साधारण ९२० ग्रॅम. चांगल्या सुक्या खोबऱ्यात ६५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि लाकडी घाण्यात त्यातलं थोडं पेंडीतच राहतं. म्हणजे लिटरमागे दीड ते पावणेदोन किलो खोबरं लागतं. २०२५ साठी केंद्राने तेलाच्या खोबऱ्याचा किमान हमीभाव क्विंटलला ११,५८२ रुपये ठरवला होता, म्हणजे किलोला ११६ रुपयांच्या आसपास. त्या हिशेबाने नुसतं खोबरंच पावणेदोनशे रुपयांचं झालं, आणि बाजार त्या वर्षी हमीभावाच्या बराच वर होता. त्यावर दळणावळ, वीज, बाटली, गाळ्याचं भाडं. पेंड विकून थोडे सुटतात, एवढंच. अशा वेळी कुणी 'लाकडी घाण्याचं शुद्ध तेल' दोनशेला लिटर देत असेल, तर फ्रीज उघडण्याचीही गरज नाही.

घ्यायला जायच्या आधी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये किंवा जांभळी नाक्यावर त्या दिवशीचा खोबऱ्याचा भाव विचारा, दीडने गुणा. दोन मिनिटांचं काम आहे. पण लोकांना ऑफर बघायची घाई असते.

घाणा बघणं, खोबरं न बघणं

घाण्याच्या दुकानात शिरलं की सगळे फिरणाऱ्या लाकडाचा व्हिडिओ काढतात. कोपऱ्यातल्या पोत्यात हात कुणी घालत नाही. वाईट खोबऱ्याचं तेल सागाच्या घाण्यातूनही वाईटच निघतं.

पोत्यातली वाटी उचलून मोडा. नीट वाळलेली असेल तर कट् आवाज करून तुटते, वाकत नाही. ओल सहा टक्क्यांच्या आसपास उतरलेली असावी. जास्त असली की बुरशी धरते, आणि त्यातल्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. आतल्या बाजूला हिरवट, काळे किंवा पिवळे ठिपके दिसले तर मागे फिरा. "ते घासून काढतो आम्ही, ताई" हे उत्तर चालवून घेऊ नका. उलट सगळ्या वाट्या एकसारख्या पांढऱ्याशुभ्र आणि वासात आगपेटीची झाक असेल, तर गंधकाची धुरी दिलेली असण्याची शक्यता आहे. धुरीने बुरशी थांबते आणि रंग उजळतो. तसं खोबरं तेलासाठी घेऊ नये.

मग तेल कधी काढलंय ते विचारा. नुकतं काढलेलं तेल गढूळ असतं. त्याला चार-पाच दिवस थाऱ्यावर ठेवून, खाली गाळ बसला की वरचं नितळ तेल काढायचं असतं. "आत्ताच काढलंय, गरमागरम" म्हणत दिलेलं तेल ताजं म्हणून कौतुकाने आणतात आणि महिन्याभराने खवट झालं की घाण्यावाल्याला शिव्या देतात. तसं तेल आणलंच असेल तर घरी निवळू द्या. तळातलं बोटभर गाळ असलेलं तेल देवाच्या दिव्याला काढा.

पाण्याचा एक थेंब

माजिवड्याच्या बाजूच्या एका सोसायटीचं उदाहरण नमुनेदार आहे. सव्वीस घरांनी मिळून जूनच्या शेवटी १५ किलोचे चार डबे मागवले, घरटी अडीच लिटरच्या हिशेबाने. तेल चांगलं होतं. डबे फोडले खालच्या लॉबीत, बाहेर धो धो पाऊस. कुणी आदल्या रात्री विसळलेल्या पाण्याच्या बाटल्या आणल्या, कुणी लोणच्याची बरणी. ओतायचा डाव एका काकूंनी धुऊन ओल्या फडक्याने पुसला आणि तोच सगळ्या डब्यांत फिरला.

गणपतीच्या आदल्या दिवशी उकडीला हात लावायला तेल काढलं तर साबणाचा वास. ग्रुपवर घाण्यावाल्याला फाडून खाल्लं. मग चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं की त्यांचं तेल उत्तम आहे. त्यांनी स्टीलचा डबा उन्हात वाळवून आणला होता आणि त्यांचा नंबर पहिला, डाव ओला होण्याआधीच, लागला होता. डबा तोच, दिवस तोच. फरक होता तो भांड्यातल्या आणि डावातल्या ओलीचा.

खोबरेलात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं, पण ते ग्लिसरीनला बांधलेलं. पाणी आणि बुरशी मिळाली की ते सुटं होतं, आणि सुटं लॉरिक आम्ल साबणासारखंच लागतं. त्यामुळे तेल खराब निघालं की दोष देण्याआधी त्याच डब्यातलं दुसऱ्या घरचं तेल चाखून बघा. दोन्हीकडे खराब तर माल खराब किंवा वाटताना फिरलेला डाव ओला, एकीकडेच खराब तर तुमचं भांडं.

ओल तपासायची सोपी रीत: लोखंडी पळीत दोन चमचे तेल मंद आचेवर धरा. कोरडं तेल गप्प तापतं. पाणी असेल तर तडतडतं, शिंतोडे उडतात, म्हणून चेहरा लांब ठेवा. तडतडलं तर ते तेल साठवू नका, आठवड्याभरात संपवा.

भांडं स्टीलचं किंवा गडद काचेचं, घट्ट झाकणाचं. धुतल्यावर दिवसभर उन्हात, आणि ऊन नसेल तर ओव्हनमध्ये किंवा गरम तव्याजवळ वाळवून पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. पावसाळ्यात महिन्याला लागेल तेवढंच बाहेर काढा. फ्रीजमधून आत-बाहेर करू नका, बाटलीत दव धरतं आणि तीच कथा पुन्हा.

उरलेल्या चुका, थोडक्यात

गोठलेली बाटली गॅसजवळ ठेवणं. कोमट पाण्याच्या भांड्यात झाकण घट्ट लावून पाच-दहा मिनिटं बसवा, पुरतं.

घमघमाटाला शुद्धता समजणं. खोबरं भाजलं की वास वाढतो, आणि सुगंध बाहेरून घालताही येतो. चांगल्या तेलाचा वास मंद असतो.

घाण्याच्या तेलात बटाटेवडे तळणं. कच्चं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धूर सोडतं आणि वडा तळायलाही तेवढंच तापमान लागतं. फोडणीला, माशाच्या कालवणाला, अवियलला कच्चं वापरा. तळायला रिफाइन्ड घ्या किंवा दुसरं तेल.

'व्हर्जिन' आणि 'लाकडी घाणा' एकच समजणं. व्हर्जिन तेल ओल्या खोबऱ्यापासून निघतं, घाण्याचं सुक्या खोबऱ्याचं. चव, किंमत, वापर सगळंच वेगळं.

आणि डोक्याचं तेल कढईत. निळी बाटली पाहून 'खोबरेलच तर आहे' म्हणणारे नेरुळपासून नौपाड्यापर्यंत आहेत. मागचं लेबल वाचा. खाण्याच्या तेलावर हिरवा ठिपका आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. गल्लीतल्या घाण्याचा क्रमांक २ने सुरू झाला म्हणून दचकू नका, क्रमांकच नसेल तर दचका. 'हेअर ऑइल' लिहिलेल्या बाटलीत लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असू शकतं आणि ते घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत छापलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये लहान बाटलीतल्या शुद्ध खोबरेलालाही खाद्यतेल मानता येईल असं ठरवलं, त्यामुळे बाटली लहान आहे म्हणून ते डोक्याचंच, हा अंदाजही चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे खाद्यतेलाइतकाच, तेव्हा पावतीवरच्या करावरूनही फरक कळणार नाही. भिंग आणा, लेबल वाचा.