न्यूयॉर्कला नव्याने आलात? लिंकन सेंटरला कसं जायचं, काय बघायचं

एडिसन, जर्सी सिटी नाहीतर क्वीन्समध्ये बिऱ्हाड लागलं, मंडळाच्या गणपतीत चार ओळखी झाल्या, की शनिवार-रविवारचा प्रश्न उभा राहतो. मॉल एकदा बघून घ्या आणि मग मॅनहॅटनमधल्या लिंकन सेंटरकडे, म्हणजे ऑपेरा, बॅले, संगीत आणि चित्रपट एकाच आवारात असलेल्या कलासंकुलाकडे, वळा. 'ते बड्या लोकांचं काम' हा समज मात्र घरी ठेवून या.

जर्सीहून येणाऱ्यांनी पेन स्टेशनला उतरून १ नंबरची सबवे धरायची आणि ६६व्या रस्त्याला उतरायचं. कारंज्यापाशी उभं राहिलात की समोर मेट्रोपोलिटन ऑपेरा, डावीकडे न्यूयॉर्क सिटी बॅलेचं थिएटर, उजवीकडे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा गेफन हॉल. चित्रपटगृहं ६५व्या रस्त्यावर आहेत.

सगळे सांगतील, सुरुवात बॅलेने करा. मी सांगेन ऑपेराने करा, कारण आपल्या कानाला ते परकं नाही. संगीत नाटक ऐकत वाढलेल्या माणसाला गाण्यातून पुढे जाणारी गोष्ट काय नवी? 'मेट'मध्ये साधारण ३८०० प्रेक्षक बसतात, आणि इतक्या मोठ्या सभागृहात गायक माइकशिवाय गातात. इटालियन कळत नाही म्हणून घाबरू नका. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोट्या पडद्यावर इंग्रजी ओळी येत राहतात. कथानक मात्र आधी वाचून जा. 'वन्स मोअर'ची सवय इथे आवरावी लागते. २००८ मध्ये एका टेनरने (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाने) एकट्याची आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकल गाणं, पुन्हा गायली, तर १९९४ नंतर असं पहिल्यांदाच घडलं म्हणून त्याची बातमी झाली होती!

तिकिटं महाग असतात, हे खरं. पण कामाच्या दिवशीच्या प्रयोगांसाठी त्याच दिवशी दुपारी ऑनलाइन 'रश' तिकिटं निघतात, साधारण २५ डॉलरला. ती क्षणात संपतात, तेव्हा खातं आधीच उघडून ठेवा आणि त्या हंगामाचे नियम एकदा बघून घ्या. नाहीतर 'फॅमिली सर्कल' या सगळ्यात वरच्या बाल्कनीतली जागा घ्या. तिथून चेहरे दिसत नाहीत, आवाज मात्र छान पोचतो. कपड्यांचं दडपण नको, नीटनेटकं पुरे. साडी नेसून गेलात तर उत्तमच. उशीर मात्र चालत नाही. पडदा वर गेल्यावर पोचलात तर मध्यंतरापर्यंत बाहेरच थांबायची तयारी ठेवा.

वर्षाचं गणित साधारण असं. सप्टेंबरच्या शेवटी ऑपेराचा हंगाम उघडतो आणि त्याच सुमारास १९६३ पासून चालत आलेला न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हल सुरू होतो. वसंतात 'न्यू डायरेक्टर्स/न्यू फिल्म्स' हा नव्या दिग्दर्शकांचा महोत्सव असतो. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' २०१५ मध्ये तिथेच दाखवला गेला आणि २०२० मध्ये त्यांचा 'द डिसायपल' न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हलच्या मुख्य विभागात होता, त्यामुळे यादीत मराठी नाव शोधायची सवय लावून घ्या. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत बॅलेवाले जवळपास रोज 'नटक्रॅकर' हा नाताळातला बॅले करतात. मुलांना आवडतो, पण तिकिटं तेव्हा सगळ्यात चढी असतात. मुलं नसतील तर वसंतातला नृत्यदिग्दर्शक बॅलांशिनच्या छोट्या रचनांचा कार्यक्रम घ्या. एका संध्याकाळी तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी बघून होतात. जून-जुलैत ऑपेराच्याच मंचावर अमेरिकन बॅले थिएटर ही दुसरी नृत्यसंस्था येते.

खिसा अगदीच रिकामा असेल तर उन्हाळ्याची वाट बघा. 'समर फॉर द सिटी'त मोकळ्या चौकात विनामूल्य नाच-गाणी असतात, लोक स्वतःही नाचतात. ऑगस्टच्या शेवटी ऑपेराच्या इमारतीवर पडदा लावून चित्रित केलेले प्रयोग फुकट दाखवतात. खुर्च्या आधी येणाऱ्याला मिळतात, तेव्हा डबा घेऊन लवकर जा. शेजारच्याच जुलिअर्ड या संगीत-नृत्य-नाट्याच्या शाळेत विद्यार्थ्यांचे बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात, आणि त्यांचा दर्जा बघून थक्क व्हाल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ऑपेरा तीन-साडेतीन तास सहज चालतो, वाग्नर या जर्मन संगीतकाराचा असेल तर त्याहून जास्त. तिकीट काढतानाच परतीच्या जर्सी ट्रेनचं वेळापत्रक बघा. रात्री उशिरा गाड्या विरळ होतात.