खाजणातली चिंबोरी: पाऊस धरायच्या आत कातेवरची वेगळी काढा

ऐरोली, घणसोली, दिवाळे, तिकडे कळवा-कोलशेतकडे ज्यांच्या खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) किंवा पेनमध्ये (पाण्यातल्या जाळीच्या कुंपणात) चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, आहे, त्यांनी बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. कात टाकलेली चिंबोरी इतरांबरोबर ठेवू नका, एवढं आजच करा. दर पावसाळ्यात ऐकू येतं, रोग आला, चोरी झाली. तळं उपसलं की गाळात मोकळी कवचं आणि तुटके नांगे निघतात. रोग कसला, शेजारणीनेच खाल्ली.

कात टाकल्याशिवाय चिंबोरी वाढत नाही. कवच मागून उकलतं, ती मागे सरकत बाहेर येते, पाणी शोषून फुगते आणि काही दिवस लोण्यासारखी मऊ राहते. कवच कडक व्हायला लागणारं कॅल्शियम ती मुख्यतः पाण्यातूनच घेते. म्हणूनच मृगाचा पाऊस घात करतो: पाणी गोडं झालं की कॅल्शियम घटतं, कवच कडक व्हायला उशीर लागतो. त्यात 1 जूनपासून यांत्रिक बोटी बंद, खाद्याची हलकी मासळी महाग, मग खाद्य निम्म्यावर येतं. भुकेली चिंबोरी मऊ चिंबोरीला सोडेल होय?

कातेवर आलेली, म्हणजे कात टाकायच्या बेतातली, ओळखा. मागचा पसरट, पोहायचा पाय उजेडात धरा. जुन्या कडेच्या आत नव्या कवचाची दुसरी कड दिसली, तर तिला लगेच भोकांच्या खोक्यात टाका. एका खोक्यात एकच. पाठ अंगठ्याने दबेनाशी झाली की परत सोडा. कात जवळ आली की ती खाणं सोडते, म्हणून सकाळी उरलेलं खाद्य बघत जा. जुनी माणसं अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त कात पडते म्हणतात. शास्त्र काय ते असो, त्या दिवसांत मी फेरी वाढवायला सांगतो.

नेहमीची कामं:
- चिंबोरी: चौरस मीटरला 1
- खाद्य: एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के, मोठा वाटा संध्याकाळी
- क्षारता: दर हजारी 15 ते 25
- पीएच: 7.5 ते 8.5
- आडोसा: पाइपचे तुकडे, कौलं
- बांधावरची जाळी, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) चाळण तपासणे

पावसाचं गोडं पाणी वरच तरंगतं. जोराची सर थांबली की ओहोटीत उघाडीच्या फक्त वरच्या फळ्या काढा आणि ते पाणी जाऊ द्या. सगळी उघाडी उघडून बसलात तर तळाचं खारं पाणीही जाईल.

दुकानदार या दिवसांत ‘कवच टणक करणारं’ मिनरल आणि प्रोबायोटिकचे डबे गळ्यात मारतात. मऊ चिंबोरी सगळ्यांत सोडलेली असेल तर त्या डब्याने तिचा नांगासुद्धा वाचत नाही. त्याच पैशांत खोकी आणि क्षारता मोजायचं साधन घ्या. पीएच खाली गेला तरच चुना, तोही मोजून.

बोटीवरची तीन ठिपक्यांची चिंबोरी स्वस्त मिळाली म्हणून तळ्यात सोडू नका. ती समुद्राची, पावसाळ्यातल्या खाडीत टिकत नाही. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी सापडली तर विकू नका, ओहोटीच्या पाण्यात सोडा. तिची पिल्लं खाऱ्या समुद्रातच जगतात.